टाळीचं शेपूट

आमच्या तलासरीच्या घरात माडीवर एक खोली होती आणि तिला आम्ही थिएटर म्हणायचो, तेही अगदी सरळ चेहऱ्याने. "बाबा कुठे आहेत?" "थिएटरात." "लसूण कुठे सोलत बसलीस?" "थिएटरात." नवीन पाहुण्यांना वाटायचं, वर पांढरा पडदा असेल, मखमली खुर्च्या असतील. ते हौसेने जिना चढायचे आणि भिंतीभर टांगलेल्या गाद्या बघून तसेच खाली यायचे. एका मावशीने तर आईला बाजूला घेऊन, ढेकूण झालेत का म्हणून विचारलं होतं. आता ती खोली थिएटर राहिलेली नाही, तिथे पापड आणि मिरच्यांचे डबे असतात. पण आयुष्यात ज्या थोड्या गोष्टींचे मनापासून आभार मानावेसे वाटतात, त्यांत ती खोली फार वर आहे. म्हणून हे प्रकरण तिच्या नावावर.

बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात डहाणू रोडला होते आणि आई तलासरीजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका. आईची शाळा जवळ पडावी म्हणून घर तलासरीला बांधलं आणि बाबांनी रोज मोटारसायकलने चारोटी, आशागड करत डहाणू गाठायचं असं ठरलं. परत येताना त्यांच्या पिशवीत चिकू असायचे, नाहीतर चिंचणीच्या कोळणीकडून घेतलेले सुके बोंबील. बोंबलाचा वास बाबांच्या आधी घरात शिरायचा. घर हायवेला इतकं जवळ होतं की अहमदाबादकडे जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न आमच्या वरणभातात पडायचा. त्यात शेजारच्या जसुबेनचं शिवणयंत्र, आमचा मिक्सर, खालच्या गॅरेजातली ठोकाठोक. आणि घर तरी कसं? खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंना सिमेंटच्या उघड्या भिंती. चमचा पडला तरी घरभर फिरून यायचा. आम्हाला त्याची इतकी सवय होती की मामाच्या गावी कुडाच्या घरात गेलं की मला झोप यायची नाही, फार शांत वाटायचं.

आईचं ऐकणं एका दिवसात गेलं नाही. भांड्याची कल्हई उडत जाते तसं ते हळूहळू गेलं. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या. डाळ करपायला लागली आणि आम्ही डाळीला, गॅसला, कुकरला नावं ठेवली. मग फोन गेला. मग आईचा स्वतःचा आवाज चढला. "मीठ दे" हे ती असं म्हणायची की जसुबेनने तिकडून वाटी घेऊन यावं. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण जेवताना आम्ही काही गंमत सांगितली की आई सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायची. आमच्या तोंडांकडे बघायची, हसणं दिसलं की मग हसायची. ते उशिरा आलेलं हसू मला बघवायचं नाही. माझी आई म्हणजे पूर्वी ज्या बाईच्या नकला ऐकून पाहुणे ताटावरून उठायचे नाहीत ती, आणि आता ती आमच्या चेहऱ्यांवर काय लिहिलंय ते वाचत बसलेली असायची.

शाळेत आणखी कठीण होतं. वर पत्रे, आत चाळीसेक पोरं, आणि वारली घरांतल्या त्या मुली तर अशा बोलायच्या की चांगल्या कानांनाही पुढे वाकावं लागावं. एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, लघवीला जाऊ?" आई म्हणाली, "शाब्बास! बस खाली." बाईंनी शाब्बास म्हटल्यावर काय करणार, तो बिचारा बसला. पुढचं सांगायला नको. पण त्या दिवसानंतर मुलांनी आपणच एक रीत पाडली. बाईंशी बोलायचं तर आधी जवळ जायचं, पदराला हात लावायचा, बाई वळल्या की मग बोलायचं. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. पहिलीतलं पोरसुद्धा दुडदुडत येऊन पदर धरायचं. आईने हे घरी हसत हसत सांगितलं, मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ भांडीच घासत राहिली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मी राजीनामा देते. मुलांचं नुकसान नको." बाबा म्हणाले, "वर्ष संपू दे, मग बघू." नोकरी आईच्या जिवाचा तुकडा होती. ती सुटली असती तर आई घरात बसली असती, आणि घरात तर तिच्यासाठी आधीच कुणी बोलत नसल्यासारखं झालं होतं.

वापीच्या कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. आईने ते थोडे दिवस लावलं आणि डबीत घालून कपाटात ठेवलं. म्हणाली, "याला कळतच नाही कुणाचं ऐकायचं. ताट आपटलं तरी तेवढंच, तुम्ही बोललात तरी तेवढंच, आणि सगळं मिळून डोक्यात घुमतं." बाबा तक्रार घेऊन परत डॉक्टरांकडे गेले, मीही बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, "यंत्र सगळंच मोठं करतं हो. तुमचं घर घुमणारं आहे का? कमी घुमेल अशा ठिकाणी बसून बोला, फरक पडेल." बाबांनी एवढंच वाक्य उचललं. परत येताना भिलाड आलं. मग गाडी चालवता चालवताच मागे ओरडले, "आपण होम थिएटर करायचं!"

हे होम थिएटर का, ते नीट सांगते. आईला तिच्या कानांवरून कुणी काही केलेलं खपायचं नाही. "माझ्या कानांचा तमाशा नको," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिच्यासाठी खोली करतोय म्हटलं असतं तर तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नसतं. म्हणून बाबांनी जाहीर केलं की आपल्याला मॅच बघायला मोठा टीव्ही आणि पाच स्पीकर-डब्यांचा साऊंड हवा आहे, आणि त्यासाठी माडीवरची रिकामी खोली बंदिस्त करायची आहे. आईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तुमची हौस आहे तर करा. मी काय सांगणार." तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळलंय हे आम्हालाही कळलं होतं. तरी ती खोली होती तोवर आम्ही तिघांनी ते नाटक इमानाने वठवलं. आज वाटतं, घरात थोडी अशी नाटकं असावीत.

बाबांना कुठून तरी कळलं होतं की अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला लावले की आवाज बंद होतो. झालं. चारोटीच्या ज्या ढाब्यावर ते चहाला थांबायचे तिथून रोज मोटारसायकलच्या मागे ट्रेची चळत यायला लागली. रोज संध्याकाळी आम्ही खळ लावून ट्रे चिकटवायचो. जसुबेन कुंपणावरून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "अरे भाऊ, वर मरघी पाळणार के शुं?" बाबा म्हणाले, "थिएटर आहे, थिएटर." जसुबेन म्हणाल्या, "हां, तर मरघीला पिक्चर दाखवणार." सगळी खोली ट्रेने मढवून झाली आणि बाबांनी दार लावून घेतलं. त्याच क्षणी हायवेवरच्या ट्रकने जो हॉर्न दिला तो जसाच्या तसा आत आला. पावसाळ्यात पुठ्ठे ओले होऊन लोंबायला लागले, त्यांत झुरळं झाली, झुरळांमागून पाली आल्या. आई वर येऊन बघून गेली आणि एवढंच म्हणाली, "प्रेक्षक जमलेत."

मग बाबा मला घेऊन साऊंड विकणाऱ्या दुकानात वापीला गेले. तो दुकानदार गप्पिष्ट होता. त्याने बाबांना खुर्ची दिली, थंड पाजलं आणि समजावलं. "काका, ये दो अलग बीमारी है. आतला आवाज आतच घुमतो, ती एक. बाहेरचा आत येतो, ती दुसरी. एक दवा दोनो को नही चलेगी." घुमण्याला मऊ, जाड, हवेशीर वस्तू लागते, आवाज तिच्यात शिरला की थकतो. बाहेरच्याला अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात, कारण पाणी जिथून झिरपतं तिथून आवाजही येतोच. त्याच्याकडे पहिल्या आजाराला विलायती फोम होता. बाबांनी तुकडा हातात घेतला, दाबला, हुंगला, आणि माझ्या कानात म्हणाले, "ही तर आपल्या गादीचीच बहीण." दुकानदाराला "बघतो" म्हणून आम्ही निघालो. टीव्ही आणि डबे मात्र त्याच्याकडूनच घेतले, नाहीतर मला त्याचं वाईट वाटलं असतं. दोन आजारांची ती गोष्ट त्याने फुकट सांगितली, आणि आमचं सगळं पुढचं काम त्या गोष्टीवर उभं राहिलं.

माळ्यावर आजोबांच्या वेळच्या कापसाच्या गाद्या होत्या. त्या उसवून कापूस पिंजून आणला. बाबांनी लाकडी चौकटी ठोकल्या, त्यांत कापूस भरला, आणि जसुबेननी आईच्या जुन्या सुती साड्यांचे अभ्रे शिवले. त्या शिवताना बडबडत होत्या, पण टाका असा बारीक की चौकट उलटी केली तरी कापसाचा धागा बाहेर येऊ नये. शिलाई विचारली तर म्हणाल्या, "तुझी आई ऐकेल तेव्हा मला गप्पा मारायला मिळेल. ते शिलाईच ने?" चौकटी भिंतीला चिकटवायच्या नाहीत, वीतभर पुढे टांगायच्या, कारण मागे हवा असली की जास्त काम होतं, हे बाबांनी करून बघून शोधलं. कोपऱ्यांत उरलेल्या गाद्यांच्या उभ्या गुंडाळ्या रचल्या. जमिनीवर सतरंज्या. दुसऱ्या आजारासाठी हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या फाटक्या ट्यूब आणल्या. दाराला मागून दुसरी फळी मारली आणि दोन्ही फळ्यांच्या मधे रबराचा थर. चौकटीला चारी बाजूंनी ट्यूबची पट्टी, खिडकीला आतून दुसरी काच. दार इतकं जड झालं की मला दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. मग लक्षात आलं की वाऱ्यालाही रस्ता राहिला नाही, मे महिन्यात आत ढोकळे झाले असते. तेव्हा बाबांनी वळणं घेत जाणारी एक लाकडी पेटी केली आणि तिला आतून कापूस लावला. वारा वळणं घेत आत यायचा आणि आवाज वाटेत अडकायचा. सिग्नलच्या पेट्यांत पाणी जाऊ नये म्हणून जन्मभर खपलेला माणूस, त्याला हे काम म्हणजे सण होता.

पारखायचं कसं? टाळी वाजवून. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी मारायची आणि कान द्यायचा. सुरुवातीला टाळीमागून झणझण करत एक लांबलचक आवाज फरफटत यायचा. बाबा त्याला टाळीचं शेपूट म्हणायचे. "बघ गं, शेपूट किती उरलं." मी टाळी मारायचे, बाबा मान वाकडी करून डोळे मिटायचे. एकेक चौकट चढली तसं शेपूट आखूड होत गेलं. मग उत्साहाच्या भरात आम्ही भिंतीचा एक इंचही मोकळा सोडला नाही, छतालाही चौकटी मारल्या. आत गेलं की कानात कापसाचे बोळे घातल्यासारखं वाटायचं, बोललेलं तोंडाबाहेर पडताच मरायचं. आईला आत नेलं तर ती दारातच थांबली. "इथे गुदमरायला होतं. माणसं बसलीत असं वाटायला हवं." बाबांनी मुकाट्याने मागच्या भिंतीच्या चौकटी उतरवल्या आणि तिथे आईच्या शाळेच्या पुस्तकांचं उंच लाकडी कपाट आणून ठेवलं. पुस्तकं काही पुढे, काही मागे. खोली एकदम माणसांत आली. टाळी मारली तर नुसतं शेपटीचं टोक उरलेलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं मॅच बघायला बसलो. आईने कपाटातून डबी काढली आणि कुणी न विचारता म्हणाली, "मॅचसाठी लावते हं." मला क्रिकेटचा कंटाळा, म्हणून मी कपाटाकडे तोंड करून पुस्तकं चाळत होते. आणि वीज गेली. आमच्याकडे वीज जाणं ही काही बातमी नव्हे, पण त्या खोलीत ती गेल्यावर जे झालं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. टीव्ही गप्प, पंखा गप्प, हायवे गप्प. आपण तलासरीत आहोत असं वाटेना. वाऱ्याच्या पेटीतून खालच्या दोडक्याच्या भाजीचा वास येत होता. मी पाठमोरीच, स्वतःशी पुटपुटल्यासारखी म्हणाले, "आज परत दोडकाच का?"

मागून आई म्हणाली, "दोडक्याला नावं ठेवू नकोस. आज त्यात कोळंबीचे सोडे घातलेत."

मी वळले नाही. वळण्याची हिंमत झाली नाही. आईला माझं तोंड दिसत नव्हतं, कुणी पदराला हात लावला नव्हता, मी ओरडले नव्हते, आणि तिने उत्तर दिलं होतं. तेही ओरडून नाही, पूर्वीच्या तिच्या आवाजात, ज्या आवाजात ती मला झोपताना पाढे म्हणून दाखवायची. बाबा खुर्चीतून उठले. "फ्यूज बघून येतो," म्हणाले. गावभरची वीज गेलेली असताना ते फ्यूज बघायला गेले आणि बऱ्याच वेळाने लाल डोळ्यांनी परत आले. आईने विचारलं, "सापडला फ्यूज?" बाबा म्हणाले, "सापडला."

त्यानंतरचे महिने म्हणजे आमच्या घराचं सोन्याचं पान. पाच डब्यांवर धूळ बसली, कारण थिएटरात कुणी सिनेमा बघतच नव्हतं. आम्ही बोलत होतो. आई इतक्या वर्षांचं साठलेलं बोलत होती. मुख्याध्यापकांची नक्कल, वारली लग्नातली गाणी, तिच्या लहानपणी ताडगोळे चोरताना मामा झाडावर कसा अडकला. जसुबेन गरम हांडवा घेऊन यायच्या आणि दोघी दार लावून घ्यायच्या. बाहेर उभं राहिलं तर काही ऐकू यायचं नाही, नुसती फळी थरथरायची, त्यावरून आत हसतायत एवढं कळायचं. मी नर्सिंगला जायचं की डीएडला, हेसुद्धा तिथेच ठरलं, आई माझं डोकं गुडघ्यावर घेऊन केसांना तेल लावत असताना. पण खाली आलं की परत तेच. आणि शाळेत तर पत्र्याखाली मशीनचा काही उपयोग होत नव्हता. वर्ष संपत आलं तसा राजीनाम्याचा विषय परत निघाला. "घरात मिळालं ना परत, तेवढं पुरे," आई म्हणायची. हे म्हणताना तिचा हात पदराच्या टोकाशी चाळा करायचा.

आणि मग जमिनीतून आवाज यायला लागले. तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात ज्यांनी ते दिवस काढले त्यांना समजावून सांगावं लागत नाही. आधी खोल कुठेतरी सुरुंग उडाल्यासारखा धडाम आवाज, आणि पाठोपाठ घर हलायचं. भांडी मांडणीवरून उतरायची, भिंतींना केसासारख्या रेघा पडायच्या. कधी लहान, कधी मोठा, आणि कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. लोक आवाजावर जगायला शिकले. धडाम झालं की हातातलं टाकून अंगणात. गल्लीतल्या प्रत्येकाचे कान जमिनीकडे लागलेले असायचे, आणि आमच्या घरात मात्र एक खोली अशी होती की जिथे बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आम्ही जिवाचं रान केलं होतं. हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. रोजच्या वापरातली खोली, तिच्याकडे कोण संशयाने बघतं?

रविवारची दुपार होती. बाबा मॅच बघत होते, आवाज मोठा. म्हणून आईने मशीन काढून बाजूला ठेवलं होतं आणि सतरंजीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. परातीत पाणी, पाण्यात वाल. मी पुस्तकांच्या कपाटाला टेकून वाचत होते. एकाएकी माझी ओढणी ओढली गेली. बघते तर आई. एका हातात माझी ओढणी, दुसऱ्या हातात बाबांच्या सदऱ्याचं टोक. तोंडाने एक शब्द नाही. शाळेतली पोरं तिचा पदर धरायची तसं तिने आम्हाला धरलं होतं, आणि दाराकडे ओढत होती. बाबा म्हणाले, "अगं, शेवटची ओव्हर—" पण तिचा चेहरा बघून उठले. आम्ही ते जड दार ओढलं, आणि दार उघडताच गल्लीतला सगळा आरडाओरडा अंगावर आला. जसुबेन जिन्यात उभ्या राहून रडत, ओरडत होत्या, "केव्हाची बोलावते! केव्हाची दार ठोकते! बहार निकळा!" आम्ही अंगणात पोचतो न पोचतो तोच दुसरा धक्का आला, तोवरच्या सगळ्यांत मोठा. पायाखालची जमीन सटकली आणि माडीवर काहीतरी धाडकन कोसळलं.

नंतर वर जाऊन पाहिलं तर पुस्तकांचं कपाट आडवं पडलेलं होतं, मी टेकून बसले होते बरोबर तिथे. छताच्या दोन चौकटी बाबांच्या खुर्चीवर. वाल खोलीभर. बाबा दारातच खाली बसले. "मी तुम्हाला बहिरं करून कोंडून ठेवलं," म्हणाले. आई त्यांच्याजवळ बसली. तिने मशीन शोधून कानात घातलं होतं. ती म्हणाली, "मग काय झालं? ऐकू येत नसताना कसं राहायचं ते या घरात मला येतं ना. पहिला धक्का बारीक होता. परातीतल्या पाण्यावर वलयं उठली, आणि तळव्याला खालून कुणी मुसळ मारल्यासारखं लागलं. तुमच्या डब्यांची थरथर मला ओळखू येते, ती वेगळी." मग बाबांच्या सदऱ्याचा चुरगळलेला कोपरा तिने हाताने सरळ केला. मी आजवर देवळात कमी गेले असेन, पण त्या दिवशी मी आईच्या तळव्यांना नमस्कार केला, आणि तिने मला वेडी म्हटलं.

घरं धोक्याची झाली तसे लोक अंगणात मांडव घालून राहायला लागले. शाळाही बाहेर आली, आईचा वर्ग चिंचेखाली भरायला लागला. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ती आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "आज मला सविता ऐकू आली. मागच्या ओळीतली सविता! चार वर्षांत त्या पोरीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला." बाबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो तसाच राहिला. "पत्रा नाही," ते म्हणाले. "घुमायला वर काही नाहीच." जेवण अर्धं टाकून ते माडीवर गेले आणि थिएटरातली एक चौकट खांद्यावर घेऊन खाली आले.

मुख्याध्यापक घाबरले. अशा दिवसांत मुलांच्या डोक्यावर काही टांगायचं? त्यांचं बरोबर होतं. बाबांनी लाकूड सगळं काढून टाकलं, कापूस पातळ केला, आणि जसुबेननी त्याच साड्यांच्या लांब, हलक्या गोधड्या शिवून दिल्या. पत्र्याखाली दोऱ्यांनी त्या झोळीसारख्या ताणायच्या. बाबा म्हणाले, "सर, पडली तरी पांघरूणच पडेल." सर हसले आणि हो म्हणाले. अशी आमची खोली उतरली. आईच्या लग्नातली पिवळी, माझ्या बारशाची निळी, सगळ्या साड्या पाड्यावरच्या वर्गाच्या आढ्याला गेल्या. आमच्या माडीवर भिंती पुन्हा उघड्या पडल्या, आणि खरं सांगते, मला जराही वाईट वाटलं नाही.

ऊन तापायला लागलं तेव्हा धक्के कमी झाले होते, आणि मुलं परत आत बसायला लागली. त्या दिवशी मी बाबांबरोबर गेले होते, दोऱ्या नीट आहेत का बघायला. बाबा दाराबाहेर दोरीचं भेंडोळं करत होते. आई फळ्यावर लिहीत होती, वर्गाकडे पाठ. मागच्या ओळीतून सविता उठली आणि नेहमीच्या त्या पुटपुटत्या आवाजात म्हणाली, "बाई, पाणी प्यायला जाऊ?"

"जा," आई म्हणाली. खडू थांबलासुद्धा नाही.

सविता तशीच उभी राहिली. असं कधी झालं नव्हतं. तिने इकडे तिकडे पाहिलं, मग सगळा वर्ग ओलांडून पुढे आली, पदराला हात लावला, आणि आई वळल्यावर परत विचारलं, "बाई, जाऊ?" आई खाली वाकली. "जा गं बाई, जा," म्हणाली, पण सविताने पदर सोडला नाही आणि आईनेही सोडवून घेतला नाही.

बाबांना धीर निघेना. ते दारात आले आणि त्यांनी एक टाळी मारली. शेपूट बघायला. मुलांना वाटलं, सविताने काहीतरी पराक्रम केलाय. चाळीसच्या चाळीस पोरं टाळ्या वाजवायला लागली, सवितासुद्धा, एक हात पदरात असल्यामुळे दुसरा मांडीवर मारून. बाबा मान वाकडी करून, डोळे मिटून, त्या गोंधळात आपली टाळी शोधत उभे. आणि आई हसली. सगळ्यांच्या आधी.